विश्लेषण : जूनमध्ये फेऱ्या शून्य, मग सरासरी किती? डेटाबेसमधला 'भागिले शून्य'चा पेच

१ जून उजाडला की मालवणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका वर ओढून झाकल्या जातात. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, त्यांना राज्याच्या सागरी हद्दीत मासेमारीची बंदी असते. समुद्रावर शांतता असते, पण मासळीचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकावर हेच दोन महिने घोळ घालू शकतात. एकूण मासळी भागिले एकूण फेऱ्या हा साधा हिशेब जूनच्या ओळीवर येतो, भागायला शून्य मिळते आणि वर्षभराचा अहवाल तिथेच अडतो. हा अडथळा दूर करणे सोपे आहे. मात्र तो कसा दूर केला, यावर समुद्रातून किती मासळी उपसली जाते याचे चित्र बदलू शकते.

दर फेरीचा आकडा महत्त्वाचा का?

बाजारात किती बांगडा आला, एवढ्यावरून समुद्रात तो किती आहे हे कळत नाही. दुप्पट नौकांनी दुप्पट वेळ जाळी टाकली तर साठा घटत असतानाही बाजारात मासळी वाढलेली दिसेल. म्हणून मत्स्यशास्त्रात पकड आणि त्यासाठी केलेले श्रम यांचे गुणोत्तर पाहतात. श्रम फेऱ्यांत किंवा तासांत मोजतात. सिंधुदुर्गात पर्ससीन नौका आणि रापणकर, पारंपरिक मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. कोण किती ओरबाडतो, या प्रश्नात हेच गुणोत्तर दोन्ही बाजूंना लागते.

शून्य आल्यावर डेटाबेस काय करतो?

डेटाबेसला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. ती एसक्यूएल या भाषेत लिहितात. शून्याने भागण्याची वेळ आली की पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर त्रुटीचा संदेश देऊन क्वेरी थांबवतात. बारापैकी दहा महिने बरोबर असले तरी हाती काही लागत नाही. एसक्यूलाइट गुपचूप 'नल' देतो. 'नल' म्हणजे शून्य नव्हे, तर 'उत्तर नाही'. मायएसक्यूएलही नुसत्या वाचनाच्या क्वेरीत 'नल' देतो; ते उत्तर तक्त्यात साठवायला गेल्यास मात्र कडक नियम चालू असतील तर अडवतो. त्यामुळे एका प्रणालीवर सुरळीत चालणारी क्वेरी दुसरीवर नेली की आपटते.

या पेचाचे मूळ संगणकापेक्षा बरेच जुने आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे मांडले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले आणि ती अनंत मानली. आजचे अंकगणित दोन्ही उत्तरे नाकारते. असा भागाकार अर्थहीनच ठरतो.

युद्धनौका कशी थांबली?

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या 'यूएसएस यॉर्कटाऊन' या युद्धनौकेवर एका कर्मचाऱ्याने डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरले. त्या शून्याने भागाकार झाला, जाळ्यातील संगणक कोलमडले आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ही नौका सुमारे पावणेतीन तास इंजिनाविना पाण्यावर पडून राहिली. चूक भरणाऱ्याची होतीच, पण शून्य येऊ शकते हे गृहीत न धरणाऱ्या प्रणालीची अधिक.

उपाय काय, आणि फसगत कुठे?

सर्वांत सुटसुटीत उपाय म्हणजे 'नलइफ'. मासळीला फेऱ्यांनी थेट भागण्याऐवजी 'नलइफ (फेऱ्या, ०)' ने भागायचे. फेऱ्या शून्य असतील तर भाजक 'नल' होतो, उत्तरही 'नल' येते आणि क्वेरी पुढे चालते. 'केस' ही अट लिहूनही हे साधते. फक्त शून्य फेऱ्यांच्या ओळी गाळल्या तर तक्त्यातून जून-जुलैच नाहीसे होतात. वाचणाऱ्याला बंदी दिसतच नाही.

खरी फसगत पुढच्या पायरीला होते. रिकामी चौकट डोळ्यांना खुपते, म्हणून अनेक जण 'कोअलेस' वापरून तिथे ० भरतात. पण 'फेरीच झाली नाही' आणि 'फेरी झाली, मासळी मिळाली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कोणताही मच्छीमार सांगेल. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानुसार राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे. समजा, एका नौकेने या चार महिन्यांत अनुक्रमे १०, २०, १५ आणि १५ फेऱ्या केल्या आणि दर फेरीला ६००, ९००, ७०० आणि ६०० किलो मासळी मिळाली. उरलेल्या आठ महिन्यांत 'नल' असेल तर सरासरीचे फलन ते वगळते आणि ७०० किलो दाखवते. तिथे ० भरला की भागाकार बाराने होतो आणि आकडा २३३ वर येतो. त्रुटीचा संदेश येत नाही, तक्ता नीटनेटका दिसतो, पण नौकेची पकड कागदावर एक तृतीयांश होते.

खरे तर ७०० हा आकडाही पुरता बरोबर नाही. महिन्यांच्या सरासरींची पुन्हा सरासरी काढली की १० फेऱ्यांच्या आणि २० फेऱ्यांच्या महिन्याला सारखेच वजन मिळते. वर्षाची एकूण मासळी ४३,५०० किलो, एकूण फेऱ्या ६०. म्हणजे दर फेरी ७२५ किलो. आधी बेरजा आणि मग एकदाच भागाकार केला तर बंदीचे महिने अडचणच करत नाहीत. वर्षभर बंदरातच राहिलेल्या नौकेसाठी 'नलइफ' तेवढा ठेवावा.

त्रुटी दडपू नये, ती कधी?

जूनच्या ओळीत फेऱ्या ० आणि मासळी ४०० किलो असेल तर? अशा वेळी फेरी नोंदवायची राहिली, महिना चुकला किंवा बंदीत नौका बाहेर पडली. 'नलइफ' इथेही निमूटपणे 'नल' देईल आणि ही ओळ बंदीच्या इतर ओळींत मिसळून जाईल. म्हणून भागाकाराआधी, फेऱ्या शून्य पण मासळी शून्याहून अधिक असलेल्या ओळी वेगळ्या क्वेरीने काढून पाहाव्या लागतात. शक्य असेल तर अशी नोंद तक्त्यात शिरतानाच अडवणारी अट घालता येते. मग ती दुरुस्त करायला नोंद करणारा माणूस समोरच असतो.