सांगवीच्या नदीकाठी आराखडा बसवताना

ड्रोनने टिपलेल्या नकाशावर आराखडा बसवणे म्हणजे जे बांधायचे आहे ते, आज जागेवर जे आहे त्याच्यावर, एकाच मोजमापात ठेवून पाहणे. पुण्याजवळच्या सांगवीत या कामाची कसोटी लागते. जुनी सांगवी मुळा आणि पवना यांच्या संगमालगत वसलेली. मुळेपलीकडे औंध, पवनेपलीकडे दापोडी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2024 मध्ये जोराचा पाऊस आणि धरणांतला विसर्ग एकत्र आला, तेव्हा इथल्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. वाकड बायपास ते सांगवी पूल या टप्प्यातली मुळेच्या काठाची सुधारणा असो, पावसाळी गटार असो की एखाद्या सोसायटीचा पुनर्विकास, इथल्या प्रत्येक आराखड्याला आधी नदीला जाब द्यावा लागतो.

उड्डाणाआधी परवानगी पाहावी लागते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पलीकडे खडकीचा लष्करी भाग. त्यामुळे 2021 च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते, हे तपासूनच पुढचे ठरते. मग जमिनीवर नियंत्रण बिंदू आखतात: चुन्याने किंवा रंगाने काढलेल्या ठळक फुल्या, ज्यांचे स्थान डीजीपीएसने सेंटिमीटरच्या पातळीवर मोजलेले असते. एक इंची सेन्सरचा, 20 मेगापिक्सेलचा कॅमेरा 100 मीटर उंचीवरून उडवला, तर छायाचित्रातला एक पिक्सेल जमिनीवर सुमारे 2.7 सेंमी भरतो. लागोपाठची छायाचित्रे एकमेकांवर 75 ते 80 टक्के चढलेली ठेवतात. एकच बिंदू अनेक कोनांतून दिसला की त्याची उंची काढता येते. त्यातून पॉइंट क्लाउड, पृष्ठभागाचे प्रारूप आणि सरळ केलेला जोडनकाशा, म्हणजे ऑर्थोमोझॅक, तयार होतो.

आराखडा मात्र वेगळ्या जगातून येतो. ऑटोकॅडमधल्या रेखाटनाचा आरंभबिंदू बहुधा सोयीने धरलेला असतो, उत्तर दिशा कागदाच्या सोयीने फिरवलेली असते, एकक कधी मीटर तर कधी मिलिमीटर. जमिनीच्या हद्दी भूमी अभिलेखाच्या मोजणीतून आलेल्या असतात. त्यातल्या जुन्या मोजण्या 33 फुटी शंकू साखळीने झालेल्या, आणि त्यांचे कागद शतकभरात एका दिशेने जास्त, दुसऱ्या दिशेने कमी आकसलेले. अशी हद्द ड्रोनच्या चित्रातल्या कुंपणाशी जुळली नाही, तर लगेच कुंपणालाही दोष देऊ नये आणि मोजणीच्या टिपणालाही. तो निर्णय मोजणीदाराचा आहे. चित्राने प्रश्न समोर ठेवला, एवढेच त्याचे काम.

बसवण्याची रीत साधी आहे. आराखड्यात आणि जोडनकाशात दोन्हीकडे निःसंशय ओळखता येतील असे बिंदू निवडायचे आणि त्यांच्या आधारे रेखाटन सरकवायचे, फिरवायचे, गरज पडली तर प्रमाण बदलायचे. मॅनहोलचे झाकण, पुलाच्या भिंतीचा जमिनीलगतचा कोपरा, दुभाजकाचे टोक हे चांगले बिंदू. झाड वाईट, आणि गच्चीचा कोपरा तर फसवा. 100 मीटरवरून घेतलेल्या एकेरी छायाचित्रात मध्यापासून 40 मीटर दूर असलेल्या 15 मीटर उंच इमारतीचा माथा जमिनीच्या हिशेबाने सुमारे 7 मीटर बाहेर झुकलेला दिसतो. जोडनकाशात हा झुकाव बराचसा काढला जातो, पण इमारतींच्या कडा फाटक्या राहतात. जुन्या सांगवीच्या अरुंद गल्ल्यांत गच्चीच्या कडेवरून रस्त्याची रुंदी मोजणे म्हणूनच चूक.

दोन बिंदूंवर कोणतेही रेखाटन बसते. त्यामुळे तपासणी बसवण्यात न वापरलेल्या बिंदूंवर करायची. तिथे किती फरक राहिला हाच कामाचा दर्जा. प्रमाणही बोलके असते. पुण्याचा भाग यूटीएम या नकाशा-प्रक्षेपाच्या 43 उत्तर पट्ट्यात येतो आणि सांगवी त्या पट्ट्याच्या मध्यरेषेपासून सुमारे 125 किलोमीटर पश्चिमेला आहे. तिथली उंची धरली तर जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशाच्या जाळ्यात सुमारे 28 सेंमी कमी भरतो. एका भूखंडाला याने फारसे बिघडत नाही, पण नदीकाठाच्या काही किलोमीटरच्या भिंतीला बिघडते. टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने जमिनीवर घेतलेल्या अंतरांवर काढलेला आराखडा बसवताना 0.9997 असे प्रमाण आले तर ते समजण्यासारखे आहे. 0.98 आले, तर कुठेतरी बिंदू चुकला आहे, आणि ते प्रमाण मुकाट स्वीकारणे म्हणजे चूक आराखडाभर पसरवणे.

आडवे जुळवण्यात बहुतेकांची दमछाक होते. सांगवीत मात्र खरी जोखीम उंचीत आहे. उपग्रहावर चालणारी यंत्रे पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची देतात. पुण्याच्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरांहून अधिक कमी येते. इतका फरक डोळ्यात भरतो. घातक ठरतो तो लहान फरक: रूपांतरासाठी ढोबळ प्रारूप वापरल्याने किंवा जवळचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली खूण, न तपासल्याने राहिलेला दहा-वीस सेंटिमीटरचा. काठाचा उतार शंभरास एक असेल, तर उंचीतल्या 10 सेंमी चुकीने पाण्याची कड 10 मीटर सरकते. आडव्या जुळणीत पाच सेंटिमीटरसाठी झगडायचे आणि उंचीचे एकाच बिंदूवर भागवायचे, ही पद्धत इथे चालत नाही. लेव्हल आणि स्टाफ घेऊन काठाने फिरण्याला पर्याय नाही.

पूररेषेचे तर सगळे यावरच अवलंबून आहे. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध आहे; उद्यान, हिरवळ, वाहनतळ असे मोजकेच वापर तिथे चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर बांधकामाला परवानगी मिळू शकते. म्हणून आराखड्यातली निळी किंवा लाल रेघ नुसती चित्रावर टाकणे अपुरे आहे. नदीच्या त्या ठिकाणच्या आडव्या छेदातली पूरपातळी घेऊन जमिनीच्या प्रारूपाला ती कुठे छेदते, हे काढून पाहावे. काढलेली रेघ आणि मिळालेली कड जिथे वेगळ्या पडतात, तिथे आधी बेंचमार्क, मग सर्वेक्षणानंतर पडलेला भराव, मग मूळ रेषा, या क्रमाने शोध घ्यावा. भरावाचा पुरावा जुन्या आणि नव्या प्रारूपांच्या वजाबाकीत घनमीटरसह मिळतो.

नदीपात्रात मात्र प्रारूपावर विश्वास टाकता येत नाही. ड्रोनला पाण्याचा तळ दिसत नाही. पात्राचे आडवे छेद पाण्यात उतरून किंवा प्रतिध्वनी यंत्राने घ्यावे लागतात. उन्हाळ्यात पवना आणि मुळेवर जलपर्णी माजते, तेव्हा तर अडचण दुप्पट होते. वाहत्या पाण्यावर बिंदू जुळत नाहीत म्हणून संगणक निदान भोक तरी सोडतो. जलपर्णीच्या दाट पानांवर बिंदू सुरेख जुळतात आणि पात्राच्या जागी सपाट हिरवी जमीन तयार होते. काठावरची झाडे, उभ्या गाड्या, पत्र्याच्या शेडही गाळून उघड्या जमिनीचे प्रारूप वेगळे करावे लागते. पूलही तसाच: पृष्ठभागाच्या प्रारूपात तो नदीला आडवा घातलेला भरीव बांध दिसतो. पाण्याचा प्रवाह चालवून पाहण्याआधी पुलाचा पृष्ठ काढून खांब आणि गाळे प्रत्यक्ष मापाने भरावे लागतात.

हे सगळे झाल्यावर आराखडा बोलू लागतो: गटाराचे तोंड नदीच्या पूरपातळीखाली येते आहे का, प्रस्तावित रस्ता उभ्या घराच्या पायरीवरून जातो का, भिंतीमागे पाणी अडून वस्तीत तुंबेल का. शंकास्पद जागी त्या रेषेचे बिंदू टोटल स्टेशनने पुन्हा जमिनीवर उतरवून खुंट्या ठोकतात आणि फरक मोजतात. नकाशाच्या कोपऱ्यात उड्डाणाची तारीख, वापरलेला यूटीएम पट्टा, उंचीचा आधार व बेंचमार्क, आणि तपास बिंदूंवर उरलेली आडवी व उभी चूक वेगवेगळी लिहिली जाते. पुढच्या पावसाळ्यानंतर काठ बदललेला असतो, त्यामुळे तारखेशिवायचा नकाशा मंजुरीच्या कागदांना जोडता कामा नये.