जुने झालेले द्रव प्लॅस्टिक : टाकावे की ढवळावे?

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागले की सुमारे २५ किलोमीटरवर मंद्रूप येते. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि पुढे याच तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे दोहोंचा संगम. अशा मुलखात गळाचे वेड असणारे असतातच. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून काठावर बसणे ही झाली जुनी रीत. रोहू, मृगल, चिलापी यांना ती पुरते. मरळ मात्र कणकेला सहसा भुलत नाही. ती शिकारी जात. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि बेडूक वा लहान मासा हलला की झडप घालायची, हा तिचा स्वभाव. म्हणूनच मरळीच्या मागे लागलेले हौशी गळकरी मऊ प्लॅस्टिकच्या बेडकांकडे आणि गांडुळांकडे वळतात. अशा कृत्रिम आमिषाला इंग्रजी शब्दाने ‘लुअर’ म्हणतात.

विकतचे लुअर दगडात अडकून, मरळीच्या दातांनी फाटून भराभर संपतात. साहजिकच काहीजण ते घरी ओतू लागतात. त्यासाठी लागणारे द्रव प्लॅस्टिक बाटलीने वा कॅनने मिळते आणि हौशी माणसाच्या हातून एका हंगामात ते संपत नाही. पुढच्या वर्षी झाकण उघडावे तो वर तेलासारखे निवळ पाणी आणि तळाशी चुन्यासारखा घट्ट साका! माल खराब झाला, अशी समजूत करून घेऊन बाटली फेकून देण्याचा मोह इथेच होतो. बहुतेक वेळा ती समजूत चुकीची असते.

याचे कारण त्या द्रवाच्या घडणीत आहे. त्याचे शास्त्रीय नाव प्लास्टिसॉल. पीव्हीसीची अत्यंत बारीक भुकटी, जिचे कण साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात, ती एका तेलकट द्रवात कालवलेली असते. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. भुकटी त्यात विरघळलेली नसते, नुसती तरंगत असते. रेक्झिनचे कापड, बाहुल्यांचे मऊ अवयव, पकडीच्या मुठीवरचे रबरासारखे आवरण, टी-शर्टवरची जाड छपाई हे सारे याच कुळातले. पीव्हीसीला तेलकट द्रवाने मऊ करण्याची युक्ती अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी, बी. एफ. गुडरिच कंपनीत, वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला १९२६ साली साधली. योगायोग असा, की त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९४९ च्या सुमारास निक क्रीम या कारागिराने पत्नीसह घरच्या चुलीवर मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ ओतले आणि या धंद्याचा पाया घातला. म्हणजे घरी लुअर ओतणे ही कारखान्याची नक्कल नव्हे. कारखानाच घरातून निघाला आहे.

तरंगणारी भुकटी कालांतराने खाली बसणारच. हे बिघडणे नव्हे, नुसते निवळणे आहे. अपाय होतो तो अर्धवट ढवळण्याने. वरचा पातळ भाग तेवढा ओतून घेतला तर त्यात भुकटी कमी आणि तेल जास्त. त्यातून निघणारा बेडूक लिबलिबीत, चिकट राहतो, कधी धड आळतच नाही. आणि उरलेल्या बाटलीत तेल कमी पडून पुढची आमिषे टणक होतात. एका चुकीने दोन्ही हप्ते वाया. तेव्हा बाटली दोन-तीन दिवस आधी उलटी करून ठेवावी, मग लाकडी पट्टीने तळ खरवडून साका पूर्ण मोडावा आणि सारा द्रव दुधासारखा एकजीव होईपर्यंत ढवळावा. फार जोराने घुसळल्यास हवा शिरते. बुडबुडे निघून जाण्यासाठी मग तास-दोन तास थांबणे भाग पडते.

खरे म्हातारपण वेगळे आणि ते उन्हाने येते. प्लास्टिसायझर भुकटीच्या कणांत हळूहळू शिरत असतो. गारव्यात ही क्रिया मंद असते, उष्णतेत ती वेग घेते. कण फुगतात, मोकळे तेल कमी होते, द्रव दाट होत जातो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही अधिक तापते. थंड देशात दीर्घकाळ टिकणारी बाटली आपल्याकडे लवकर आटल्यासारखी का होते, याचे उत्तर इथे मिळते. म्हणून ती माळ्यावर किंवा गच्चीच्या खोलीत न ठेवता घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. दाट झालेल्या द्रवात याच कामासाठी मिळणारा प्लास्टिसायझर थोडा थोडा मिसळून तो पुन्हा ओतण्याजोगा करता येतो. मात्र तयार आमिष तेवढे अधिक मऊ होणार, हे धरून चालावे. लहान मऊ गुठळ्या तापवल्यावर विरतात. पिवळ्या-तपकिरी, टणक गुठळ्या असतील तर आशा सोडावी.

दुसरा शत्रू दमटपणा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते तेच इथेही घडते, कारण आमिष जड व्हावे आणि माशाने ते तोंडात धरून ठेवावे म्हणून पुष्कळजण द्रवात बारीक मीठ घालतात. मीठ, रंग, चमकी यांतून आलेला ओलावा शंभर अंशांपुढे वाफ होऊन उसळतो. आमिषात पोकळ्या राहतात हा त्यातला लहान तोटा. गरम प्लॅस्टिक अंगावर उडते हा मोठा. मीठ आधी भाजून कोरडे करावे. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा असेल तर तो पूर्ण वाळवून, वर आवरण देऊन मगच वापरावा. बाटलीत पाण्याचे थेंब स्पष्ट दिसत असतील तर तो माल तापवूच नये.

बाटलीचा निकाल शेवटी चमचाभर द्रवानेच लावावा. ढवळलेला द्रव तापू लागला की आधी दुधासारखा असतो, मग फाटल्यासारखा गोळे-गोळे होतो आणि नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. आच तशीच ठेवून हलवत राहिले की साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला तो पाकासारखा नितळ, ओतण्याजोगा होतो. थंड झालेला तुकडा ताणून पाहावा. रबरासारखा लांबला आणि बोटाला तेल लागले नाही, तर बाटली कितीही जुनी असो, ती चांगली आहे. तुकडा चुरगळला तर बहुधा ताप कमी पडला. पुन्हा एकदा नीट तापवून पाहावे आणि मगच दोष बाटलीला द्यावा.

तापमान मात्र नजरेने ठरवण्याची गोष्ट नाही, थर्मामीटर हवाच. दोनशे अंशांच्या आसपास पीव्हीसी कुजू लागते, पिवळी-काळी पडते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते. तोच वायू ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो, अन् डोळे, नाक, घसा हे सारे ओलेच असतात. द्रवात मुळात मिसळलेला स्टॅबिलायझर ही कुजण्याची क्रिया रोखून धरतो. पण तो दर तापवण्याला खर्च होतो, म्हणून अनेकदा वितळवलेले प्लॅस्टिक लवकर करपते. हे काम स्वयंपाकघरात करू नये. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, लहान मुलांना दूर ठेवून, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि चष्मा घालून ते करावे. त्यासाठी वापरलेले पातेले पुन्हा अन्नासाठी घेऊ नये.

बाटली कोणत्या मालाची आहे, हेही पाहावे लागते. सुट्या कॅनमध्ये मिळणारे, नावगाव नसलेले औद्योगिक प्लास्टिसॉल स्वस्त पडते. परंतु त्यात शिसेयुक्त स्टॅबिलायझर किंवा डीईएचपीसारखे थॅलेट असू शकते. खेळण्यांमध्ये डीईएचपीचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन युरोपने आणि अमेरिकेने घातले आहे. भारतातही पीव्हीसी पाइपांतील शिशाच्या स्टॅबिलायझरविरुद्ध २०२१ साली नियम झाले. आमिष हाताळणारा तोच हात पुढे भाकरीलाही लागतो. तेव्हा लुअरसाठीच बनवलेला, थॅलेटमुक्त असे लिहिलेला माल घेणे शहाणपणाचे.

आणि शेवटी नदी. सोलापूर शहरासाठी उजनीतून भीमेत सोडलेले पाणी वर्षानुवर्षे औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले गेले. त्या पाण्यात तुटून पडलेला प्लॅस्टिकचा बेडूक कुजत नाही, आणि माशाने गिळला तर त्याच्या पोटात अडकून राहू शकतो. अमेरिकेतील मेन राज्यात २०१३ साली अशा आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक आले होते. पुढे बंदीऐवजी अभ्यास करण्याचे ठरले. आपल्याकडे या विषयाची अजून चर्चाही नाही. फाटलेली आमिषे काठावर न टाकता डब्यात जमवली तर ती पुन्हा वितळतात. पीव्हीसीचा तो मोठा गुण आहे. दुसऱ्या वितळीत येणारा पिवळेपणा काळ्या किंवा जांभळ्या रंगात झाकला जातो, आणि गढूळ पाण्यात गडद आमिष उलट उठून दिसते. डबा मात्र पॉलिप्रॉपिलीनचा असावा. पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक, कडक डब्यात ही आमिषे ठेवली तर त्यांतला प्लास्टिसायझर डब्यात शिरून डबाच विरघळवतो.

ज्या बाटलीचा काहीच उपयोग उरला नाही ती गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये, उकिरड्यावर पेटवू तर मुळीच नये. जळत्या पीव्हीसीतून आम्लाबरोबर डायॉक्सिनही निघतात. उरलेला द्रव कोरडा असेल तर सावकाश तापवून त्याचा घट्ट गोळा करावा. तो गळत नाही, झिरपत नाही आणि सुक्या कचऱ्यात देता येतो.