झाकलेले तीन महिने

सातारा-सांगलीच्या गरवार बायकांवर लिहिणारी मंडळी समजुतींची एक ठरलेली यादी मांडतात. पपई नको, ग्रहणात विळी हाती धरू नये, तिन्हीसांजेला ओढ्याकडे जाऊ नये. माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे. पपई सोडल्यानं कुणाचं बाळ दगावत नाही. ग्रहण पाळताना तासन्‌तास पाणी तोडणं वाईट, पण ते चार समजुतीच्या शब्दांनी सुटतं.

खरं नुकसान करते ती दुसरीच रीत: तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून घडतो ती नलिका गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत बंद होते. फॉलिक अॅसिडची गोळी तेव्हा पोटात हवी. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असं सरकार सांगतं, आणि दहिवडी-आटपाडीकडची सून चौथ्या महिन्यात उपकेंद्राची पायरी चढते.

या गुपिताला आणखी काळी बाजू आहे. नोंदच नसलेला गर्भ मुलीचा म्हणून पाडला, तर त्याचा हिशेब कोण मागणार? मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला 2017 मध्ये ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले. त्याआधी 2011 मध्ये साताऱ्यात 'नकुशा', म्हणजे नकोशी, नावाच्या मुलींना समारंभानं नवी नावं दिली होती. या दोन्हींवर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. झाकलेल्या महिन्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

हे गुपित फोडणारी एक बाई पूर्वी गावात होती, ती सुईण. कुणाची पाळी चुकली हे तिला घरच्यांच्या आधी कळे. चुलीपाशी बसून, सुनेचा चेहरा पाहून ती ओळखायची, आणि तिनं ओळखल्याची दृष्ट लागत नसे, कारण ती घरातलीच मानली जाई. जननी सुरक्षा योजना 2005 मध्ये आली, बाळंतपणं दवाखान्यात गेली, ते उत्तमच झालं. पण सुईणीला बाळंतपणाबरोबर तिच्या या कामातूनही उठवलं, याचा मला अजून राग आहे. प्रशिक्षण देऊन तिला आशाताईंच्या जोडीला ठेवायला हवं होतं. मी हे बैठकांतून बोलत आले; 'मागास विचार' म्हणून ते बाजूला सारलं गेलं.

पुढच्या योजना, दर महिन्याच्या नऊ तारखेची तपासणी, मातृवंदना योजनेचे पैसे, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे.

लोहाच्या गोळ्यांचं मात्र सांगते. एकशे ऐंशी गोळ्या घरी जातात आणि डब्यात राहतात. शौच काळी होते म्हणून सून घाबरते; बाळ मोठं होऊन अडेल म्हणून सासू हात आखडते. घेतली तरी चहाबरोबर, म्हणजे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या भाजी-भाकरीनंतर घ्या, हे सुनेला सांगून काय उपयोग? सासूला समोर बसवा.

डोहाळजेवण ही अशा बोलण्याची खरी जागा होती. सातव्या महिन्यात साऱ्या आळीच्या बायका जमत, ओटी भरत, आपापल्या बाळंतपणाचं उघड बोलत. सूज, डोकेदुखी, अंगावर जाणं, सगळं तिथं निघे. आम्ही तपासणी करणाऱ्या तिथं जाऊन बसायचो आणि तपासणीला न आलेल्या बायका तिथं भेटायच्या. आता कार्यालयात फुलांचा झोपाळा आणि फोटोवाला असतो. बोलायला कुणाला फुरसत नाही.

तिथून पहिलटकरीण माहेरी जाते आणि तिचं तपासणीचं कार्ड सासरच्या फडताळात राहतं. पाटण-जावळीत नवरा मुंबईला, सून सासरी, बाळंतपण तिसऱ्याच गावी. ओटी भरताना सुपारी-खोबऱ्याबरोबर ते कार्डही पदरात घाला, आणि सासरच्या आशाताईनं माहेरच्या आशाताईला त्याच दिवशी फोन करावा.