दुबईत साउंड-लाइटचं काम पाहिजे? आधी कामाचा व्हिसा, मगच विमान

गावोगावी आता डीजे, लाइट, ट्रस, एलईडी वॉल, मंडप यावर पोट भरणारी बरीच पोरं आहेत. लगीनसराई आणि गणपती सोडले तर वर्षातले चार-पाच महिने हाताला काम नसतं. मग मोबाईलवर मेसेज येतो, 'दुबईत इव्हेंटला पोरं पाहिजेत, जेवण-राहणं फ्री, आठ दिवसांत व्हिसा'. अशा मेसेजवर बैल विकून किंवा व्याजाने पैसे काढून जाण्याआधी खालच्या गोष्टी नीट समजून घ्या.

काम खरंच आहे का?

आहे. दुबई आणि अबुधाबी ही दोन्ही शहरं संयुक्त अरब अमिरातीत येतात. तिथे हिवाळा हा कार्यक्रमांचा सीझन असतो. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रदर्शनं, मैफली, कंपन्यांचे सोहळे आणि भारतीयांची मोठाली लग्नं होतात. दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटर, कोका-कोला अरेना, अबुधाबीची एतिहाद अरेना या मोठ्या जागा आहेत. रमजानच्या महिन्यात गाण्याबजावण्याचे कार्यक्रम कमी होतात. उन्हाळ्यात उघड्यावरची कामं जवळपास थांबतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला तिथे कायद्यानेच बंदी आहे.

म्हणजे आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथेही काम कमी, आणि कंपन्या पुढच्या सीझनची माणसं बघत असतात. अर्ज करायला आणि कागदपत्रं जमवायला पावसाळाच बरा.

कोणत्या नावाने काम शोधायचं?

'डीजेवाला' म्हणून शोधलं तर काही सापडणार नाही. तिथे कामाची नावं वेगळी आहेत. सामान चढवणारा-उतरवणारा आणि स्टेज उभारणारा तो स्टेजहँड. ट्रस आणि चेन मोटर टांगणारा रिगर. मग साउंड टेक्निशियन, लाइट टेक्निशियन, एलईडी टेक्निशियन. मंडपाच्या सुतारकामात हात असेल तर प्रदर्शनाचे स्टॉल बांधणाऱ्या कंपन्यांत सुतार आणि रंगारी लागतात. नवा माणूस बऱ्याचदा गोदामातून सुरुवात करतो. केबल गुंडाळणं, सामान तपासणं हेच पहिलं काम. त्यात कमीपणा नाही.

आपला अनुभव तिथे चालतो. लाइटला लागणारं डीएमएक्स तेच, माइकची एक्सएलआर केबल तीच. फरक पडतो तो शिस्तीत. इथे पोरगं अनवाणी ट्रसवर चढतं. तिथे हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण विचारतात. किती वजन टांगायचं हे अंदाजाने ठरत नाही, कागदावर ठरतं. मोठ्या शोमध्ये ग्रँडएमए हा लाइटचा बोर्ड भरपूर चालतो. त्याचं कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरी बसून हात बसवता येतो. मुंबईत दरवर्षी पाम एक्स्पो हे साउंड-लाइटचं प्रदर्शन भरतं. नवीन मशीन बघायला आणि ओळखी करायला ते उपयोगी आहे.

अर्जासोबत नुसते नाचगाण्याचे व्हिडिओ पाठवू नका. सेटअप कसा उभा केला, वायरिंग कशी केली, कोणते मशीन चालवले हे दाखवणारे दोन-तीन छोटे व्हिडिओ पुरेत.

व्हिजिट व्हिसाची मेख

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. एजंट म्हणतो, 'आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो'. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. बिनपरवाना कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे आणि कामगाराचीही परत रवानगी होऊ शकते. तोवर पगार बुडाला तर करार नसल्यामुळे दाद मागणं अवघड होतं. ट्रसवरून पडला तर विमा नाही. इकडे कर्जाचं व्याज मात्र चालूच राहतं.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. त्यांना कामासाठी अमिरातीत जाताना सरकारची परवानगी लागते. हे काम 'ई-मायग्रेट' पोर्टलवरून होतं. मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण मिळतं. दहावी पास असलेल्यांना ही परवानगी लागत नाही. पण म्हणूनच त्यांचे कागद कोणी तपासत नाही, ते स्वतःच तपासावे लागतात.

पैसे देण्याआधी हे बघा

एजंटचं नाव ई-मायग्रेटवरच्या नोंदणीकृत यादीत आहे का? नसेल तर तिथेच थांबा. नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. पावती मागा, पैसे बँकेतूनच द्या.

अमिरातीच्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाचा असतो, कामगाराकडून वसूल करता येत नाही. तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका. मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असावं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात. कामाचे तास, ओव्हरटाइम, राहण्याची सोय हेही बघा. कार्यक्रम संपल्यावर सामान उतरवण्याचं काम रात्रीचंच असतं, त्यामुळे रात्रीच्या ओव्हरटाइमचं आधीच विचारून घ्या. तिथे पोचल्यावर पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे.

जाण्याआधी सरकारतर्फे एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण मिळतं, ते चुकवू नका. निघताना करार, व्हिसा आणि पासपोर्ट यांचे फोटो घरच्यांच्या मोबाईलवर ठेवून जा. अडचण आली तर भारतात १८०० ११ ३०९० आणि अमिरातीत ८०० ४६३४२ हे मोफत क्रमांक आहेत.

सीझन दरवर्षी येतो. कागद पूर्ण नसतील तर यंदा गावातलीच लगीनसराई करा, पुढच्या पावसाळ्यात परत अर्ज करा. एक वर्ष उशीर झाला तर काही बिघडत नाही, गहाण पडलेली जमीन सोडवायला मात्र बरीच वर्षं जातात.