पाहणे मेंदूलाही शिकावे लागते

डोळा निर्दोष झाला की दिसू लागते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. डॉ. पवन सिन्हा यांच्या संशोधनाने या समजुतीला छेद दिला. दिल्लीच्या आय.आय.टी.तून संगणकशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेतील एम.आय.टी.त गेले. यंत्राला पाहावयास कसे शिकवावे, या प्रश्नापासून निघालेली त्यांची वाट मेंदूपर्यंत आणि तेथून भारतातील जन्मांध मुलांपर्यंत पोहोचली. दिल्लीच्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयाच्या साहाय्याने त्यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम उभा केला. त्यात मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होते आणि त्यानंतर त्यांची दृष्टी कशी घडत जाते, याचा अभ्यास केला जातो.

स्पर्शाने गोल व घन ओळखणाऱ्या जन्मांधास दृष्टी लाभली, तर ते आकार तो केवळ पाहून ओळखील काय, असे मॉलिनो यांनी १६८८ मध्ये तत्त्ववेत्ते लॉक यांना विचारले होते. (मॉलिनो यांच्या पत्नी स्वतः अंध होत्या.) त्याचे प्रायोगिक उत्तर २०११ मध्ये मिळाले. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच हे जमले नाही. थोड्याच दिवसांत मात्र जमू लागले. आठ वर्षांनंतर शस्त्रक्रिया व्यर्थ, ही जुनी धारणा त्यामुळे डळमळली.

तरीही उशिराची किंमत असतेच. नवजात अर्भकाला प्रथम अंधुक दिसते, रंगही फिके भासतात. हे वैगुण्य नसून शिक्षणाची पहिली पायरी असावी, असा सिन्हा यांचा तर्क. त्याची परीक्षा यंत्रावर झाली. आधी अस्पष्ट व मग स्पष्ट चेहरे दाखवलेले संगणकीय जाळे अस्पष्ट चेहरेही ओळखण्यात सरस ठरले (२०१८). रंगांबाबतही २०२४ मध्ये तसेच आढळले. उशिरा दृष्टी लाभलेली मुले रंगीत चित्रे ओळखत, पण रंग काढून घेताच अडखळत.

नार्नूरच्या गुड्या-तांड्यांवर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांसाठी यात दोन गोष्टी आहेत. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास ‘मोठे झाल्यावर पाहू’ म्हणू नये. ती मोतीबिंदूची असेल किंवा क्वचित कर्करोगाचीही. आणि दहा वर्षांचे अंध मूल आले, तरी ‘आता उशीर झाला’ म्हणून त्याला परत पाठवू नये. मुधोळ येथे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे केंद्र आहे. तेथून पुढे हैदराबादची वाट मोकळी आहे.