दारू म्हातारी होत नाही

कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या जुन्या घरात खुंटीला अजून ठासणीची बंदूक लटकलेली दिसते. पणजोबांनंतर ती कुणी उडवलेली नसते. "ती कसली उडतेय आता!" म्हणत पोरंसोरं तिच्याशी खेळतात. गंमत अशी की आत बार राहिला असेल, तर तो अजूनही उडू शकतो.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. यात नासण्यासारखं आहे काय? गंधक मूलद्रव्य, सोरा क्षार आणि कोळशातलं जे कुजायचं ते भट्टीतच जळून गेलेलं. आजच्या काडतुसातली नायट्रोसेल्युलोजची दारू वर्षानुवर्षं आतल्या आत विघटित होत राहते. हे तीन जिन्नस मात्र कोरडे राहिले तर पिढ्यान्‌पिढ्या तसेच. जळायला लागणारा ऑक्सिजनही सोऱ्यातच असतो, म्हणून बंद नळीत हवेची गरज नाही. कमी असते ती फक्त ठिणगी.

पण भरलेली बंदूक टांगून ठेवेल कोण? कुणीही! तोंडाकडून दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, असं गजाने ठासत भरणं सोपं, उपसणं महाकटकटीचं. सावज न मिळालेला शिकारी बार तसाच घेऊन घरी येणारच. अमेरिकेत १८६३च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या, त्यातल्या २४ हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या. एकीत तर एकावर एक २३ बार होते!

बार आहे की नाही, हे साध्या लाकडी काठीने कळतं. आधी घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, नाही ना, हे बघायचं. नळीचं तोंड माणसांपासून दूर, आपलं डोकं आणि हातही शक्य तितका बाजूला. काठी अलगद तळाला टेकवून तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघायची. टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच अडलं तर आत काहीतरी आहे. कचरा असेल, बारही असेल. बारच धरून चालायचं, लोखंडी सळई खुपसायची नाही, पोलिसांना किंवा परवानाधारक बंदूक-कारागिराला बोलवायचं.

खंडेनवमीला तर हे आधीच बघून ठेवावं. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या बंदुकीला विस्तवाचा एक कण पुरतो, आणि आपण तिच्यापुढे निरांजन, धूप, उदबत्ती सगळं लावतो.

गंज दिसला म्हणून चिंच किंवा पॉलिश पेपर घेऊन बसू नका. काही जुन्या नळ्यांच्या पोलादावर घडवतानाच उमटलेल्या लहरी असतात. घासलं की त्या दिसेनाशा होतात. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात पुरे.

कागदपत्रांचं काय? १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही उडणार नाही अशांनाच. हे घरच्यांनी ठरवून चालत नाही. परवाना आजोबांच्या नावावर असेल तर त्यांच्यामागे बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. आणि अमेरिकेतल्या पुतण्याने दिवाणखान्यासाठी मागितली, तर फोटो पाठवा: शंभर वर्षांपुढची असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.