अपरिग्रह आणि घरातली मोकळी जागा

घर आवरणे म्हणजे वस्तू जागच्या जागी लावणे, असा समज रूढ असला तरी भारतीय अध्यात्मपरंपरेने या कामाचा विचार एक पायरी आधीपासून केला आहे. वस्तू कुठे ठेवावी याआधी ती ठेवावीच का, असे तिने विचारले आणि त्या विचारातून आलेल्या आचरणाला ‘अपरिग्रह’ हे नाव दिले. पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी, म्हणजे जगाशी वागताना स्वतःवर घालून घ्यायच्या बंधनांपैकी, शेवटचा यम आहे. जैन आचार्य उमास्वाती यांनी तर तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची, म्हणजे संग्रहाची, व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून न करता ‘मूर्च्छा’ या एका शब्दाने केली. मूर्च्छा म्हणजे येथे बेशुद्धी नव्हे, तर भान हरपावे इतकी आसक्ती.

गृहस्थाने सर्वस्व सोडावे, अशी अपेक्षा मात्र जैन आचारधर्मातही नाही. साधूला पूर्ण अपरिग्रह आणि श्रावकाला, म्हणजे संसारी जैनाला, ‘परिग्रह-परिमाण’ असे व्रत सांगितले आहे. त्यात जमीन, घर, धनधान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा ज्याची त्याने ठरवायची असते. श्वेतांबर परंपरेतील ‘चौदा नियम’ हे अशा मर्यादेचे रोजचे रूप होय: दिवसभरात किती पदार्थ खायचे, किती वस्त्रे आणि पादत्राणे वापरायची, किती वाहनांत बसायचे, कोणत्या दिशेला किती दूर जायचे, हे सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळी त्याचा हिशेब स्वतःशीच मांडायचा. घराबरोबर दिवसही आवरणारी इतकी साधी रीत क्वचितच आढळेल.

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना दर मंगळवारी पत्रे लिहिली आणि ती पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूप झाली. त्यांत त्यांनी अपरिग्रहाचे नाते अस्तेयाशी, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताशी जोडले. गरज नसलेली वस्तू चोरून आणलेली नसली तरी ती जवळ बाळगणे चोरीच्याच जातीचे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. डोक्यात साठवलेली निरुपयोगी माहितीही त्यांनी परिग्रहातच मोजली.

हा विचार घराच्या रूपात पाहायचा असेल तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची, म्हणजे गांधीजी १९३६ मध्ये राहायला गेले तेव्हाच्या सेगावची, माती-लाकडाची बापूकुटी पाहावी. १९७८ च्या जानेवारीत तेथे आलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी कुटीत सात प्रकारच्या जागा मोजल्या: पादत्राणे काढून मनाने आत येण्याची तयारी करावी असा उंबऱ्यापाशी थोडा अवकाश, मोठ्या कुटुंबाला पुरेल असा मधला भाग, कामाची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, उघडा व्हरांडा आणि न्हाणीघर. त्यांच्या मते या वास्तूला झोपडी म्हणणेच चूक, कारण हे खरे घर आहे. आपण ज्यांना घरे म्हणतो ती मात्र माणसांपेक्षा सामानाच्या सुरक्षिततेसाठी बांधलेली असतात.

या निरीक्षणाचा पडताळा कोणत्याही मराठी घरातील माळ्यावर येतो. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तू दसऱ्याच्या साफसफाईत खाली उतरतात, पुसल्या जातात आणि पुन्हा वर चढतात. जुने कपडे बोहारणीला दिले, तर त्यांच्या जागी स्टीलचे आणखी एक पातेले येते. हा साठा झटकण्या-पुसण्याचे काम बहुतेक ठिकाणी एकट्या गृहिणीच्या वाट्याला येत असल्याने साऱ्या घराच्या मूर्च्छेची किंमत तिलाच मोजावी लागते. शिवाय कपाटांनी भिंती व्यापल्या की घरातील वृद्ध आजारी पडल्यावर त्यांची खाट दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत घालावी लागते.

सेवाग्रामच्या बापूकुटीत आजाऱ्यासाठी जागा आधीच राखलेली होती आणि गरज पडताच नवी जागाही करण्यात आली. संस्कृतचे विद्वान परचुरेशास्त्री यांना कुष्ठरोग झाला, आणि अशा रोग्याला घरातही थारा मिळत नसे त्या काळात ते आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींच्या निवासाजवळच कुटी उभी राहिली आणि त्यांच्या अंगाला मालिश करण्याचे काम गांधीजींनी स्वतःकडे घेतले.